चार बोटं जागा

"चार बोटं जागा कोरी सोडायची? का म्हणून? कागद काय तुमच्या वाडीत नारळासारखा लागतो?"

हे मी मनातल्या मनात नाही बोललो. स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, पद्माबाई दातारांच्या तोंडावर बोललो. त्या नुसत्या हसल्या आणि वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गावर गेल्या. भांडणारा माणूस मला परवडतो. विचारलं त्याचं उत्तर न देता हसणारा माणूस दिसला की माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागतो.

मी रावजी ठाकूर. बावीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवतोय. माझा बाप पेणकडच्या मिठागरावर राबला. मीठ मोजायला मापाडी आला की बाप त्याच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, हाताकडे बघायचा. "तोंड गोडच असतंय रे, हात बघ," म्हणायचा. ते मी शिकलो आणि जन्मभर पाळलं. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे.

पद्माबाईंचं सगळं उलटं. चौलला दातारांची वाडी आहे, नारळ-सुपारीची, मधेमधे जायफळ. खाऊनपिऊन सुखी घर. लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या गावात तीन गोष्टी सांगतात आणि माझा एकीवरही विश्वास नाही. विज्ञान शिकवायच्या, स्कूटीवरून यायच्या, पुढ्यात वह्यांची पिशवी. आवाज कधी चढवायच्या नाहीत आणि चहा प्यायच्या नाहीत. चहा न पिणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते मला कधीच कळलेलं नाही.

तर त्या वर्षी जूनमध्ये बाईंनी दहावीच्या वर्गात हे चार बोटांचं काढलं. माझा तास शेजारच्या वर्गावर होता आणि मधली भिंत पातळ. मी मुलांना नकाशा काढायला लावला आणि कान देऊन ऐकलं.

"डाव्या बाजूला हाताची चार बोटं ठेवा, तिथं उभी रेघ मारा," बाई सांगत होत्या. "रेघेच्या उजवीकडे तासाला लिहायचं. शिक्षक बोलतील ते सगळं नाही, तुम्हाला कळलं तेवढंच, थोडक्यात. डावीकडे आत्ता काही लिहायचं नाही. संध्याकाळी वही उघडायची आणि तिथं प्रश्न लिहायचे. असे प्रश्न, की ज्यांचं उत्तर उजवीकडे आहे. पानाच्या तळाशी दोन ओळी, आज काय समजलं ते आपल्या शब्दांत. मग उजवी बाजू हातानं झाकायची, प्रश्न वाचायचा आणि उत्तर तोंडानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी एकदा, रविवारी एकदा, महिना संपला की एकदा. जमलं की कोपऱ्यात टिंब द्यायचं. नाही जमलं तर टिंब नाही. टिंब खोटं दिलंत तर मला कळणार नाही, तुम्हालाच कळेल."

आणि वर काय, तर "गैरहजर असाल त्या दिवशीचं पान तारीख घालून कोरं ठेवा. दुसऱ्याची वही उतरवून काढू नका!"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आमच्या शाळेत 'वही पूर्ण' हा धर्म आहे. पोरगं आजारी पडो, मामाच्या लग्नाला जावो, परत आलं की शेजाऱ्याची वही घेऊन रात्रभर उतरवणार आणि आम्ही लाल पेनाने सही ठोकणार. वही पूर्ण म्हणजे अभ्यास पूर्ण. आणि ही बाई कोरी पानं ठेवायला सांगतेय! तपासणीला कोणी आलं तर काय कोरी पानं दाखवायची? इथे पाणी मुरतंय, मी म्हटलं.

आठ दिवसांत ते लोण माझ्या तासाला आलं. मी उत्तर सांगतो, मुलं उतरवून घेतात, ही माझी पद्धत. स्वल्पविरामसुद्धा सांगतो. बावीस वर्षांत एकही पोरगं इतिहासात नापास नाही, हे आधी लक्षात घ्या. तर मी सांगतोय आणि समोर एकतीस पोरं हात बांधून ऐकतायत. मधेच दोन शब्द खरडतात, परत माझ्याकडे बघतात. बावीस वर्षं मी वहीवर वाकलेल्या माना बघितल्या होत्या. एवढे डोळे एकदम अंगावर आले की कसंतरीच होतं.

त्यांतली प्राप्ती म्हात्रे, रेवदंड्याच्या बाजूने येते, तिला मी उभं केलं. "सांग, वृत्तपत्रांचं कार्य काय?" तिने सांगितलं. बरोबर सांगितलं, पण सगळं स्वतःच्या भाषेत. त्यात तिच्या गावात आलेल्या एका बातमीचं उदाहरण. मी म्हटलं, "हे कुठल्या गाईडात आहे?" ती म्हणाली, "कुठंच न्हाय सर. मला असं समजलं." मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, जे सांगितलंय ते लिहायचं, समजायचं नंतर बघू. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली. तेव्हा मला वाटलं, ही पोर पढवलेली आहे.

त्याच सुमारास तिची आजी सखुबाई मला एस.टी. स्टँडवर भेटली. ती तिथे भाजी विकते. मला बघितल्यावर टोपलीमागून उठलीच. "सर, आमची पोर अर्धी वही कोरी ठेवते. वह्या काय फुकट येतान? आनि रोज पाच वाजता बाईंच्या वाडीत जाते, दिवेलागणीला घरी. बाई घरी बोलावून शिकवते म्हणं. मी काय न्हाय म्हणत न्हाय, पोर सुधारलीय. मी परवा कांद्याची माळ धाडली बाईंना. वाल धाडले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी शिकवणी! अनुदानित शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी. आणि मोबदला म्हणून कांदे आणि वाल घेते. पांढऱ्या कांद्याची माळ म्हणजे आमच्याकडे काही लहान वस्तू नाही. कोणाला सापडणार नाही अशी फी, मी म्हटलं. वा रे बाई!

दुसऱ्या दिवशी मी सुपारी घ्यायच्या निमित्ताने दातारांच्या वाडीत गेलो. ओटीवर बारा-तेरा पोरं. जोड्या करून बसलेली, प्रत्येकाने वहीच्या उजव्या बाजूवर तळहात ठेवलेला, एक विचारतोय, दुसरा सांगतोय. निकेत नावाचं एक पोरगं एका उत्तरावर अडकलं, हात उचलून खाली बघायला गेलं तर त्याचा जोडीदार ओरडला, "फसवतोस कोनाला!" आणि पद्माबाई? त्या कोपऱ्यात सुपारी सोलत बसलेल्या. एक अक्षर शिकवत नव्हत्या. मी अर्धा तास थांबलो. एक अक्षर नाही.

शहाण्या माणसाचा संशय इथे फिटला असता. माझा वाढला. शिकवत नाही तर बोलावते कशाला? मी विचारलं, "बाई, यांना घरी नाही का करता येत अभ्यास?" त्या म्हणाल्या, "बऱ्याच जणांकडे एकच खोली आहे सर, त्यात टीव्ही. इथं जागा आहे." एवढंच. एवढं साधं उत्तर खरं असतं यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि मग मी ते पाहिलं. निघताना एकेक पोरगं बाईंकडे जाऊन काहीतरी सांगत होतं आणि बाई एका बारक्या डायरीत लिहीत होत्या. मी पाणी मागितलं, त्या आत गेल्या, मी मान वाकडी करून डायरीत बघितलं. 'रा. ठा. – १४.' रा. ठा. म्हणजे मीच की! दुसरा कोण?

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरला वेड लागलंय. आमच्या शाळेचा पट घसरत होता. हेडसरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं, एक जागा कमी होईल, कोणीतरी एक शिक्षक अतिरिक्त ठरेल. अतिरिक्त म्हणजे तुमची इथली खुर्ची गेली, सरकार पाठवेल तिथे जा. मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अतिरिक्त झालो होतो. चार वर्षं म्हसळ्याला काढली, भाड्याच्या खोलीत, बायको इकडे, मुलगी इकडे. मुलगी पहिल्यांदा बोलली ते मी फोनवर ऐकलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. मला वाटलं, संस्थेने या बाईला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय. पोरांच्या वह्यांत तळाशी दोन ओळी लिहून घेते त्या कशाला? रावजी ठाकूर तासाला काय करतो त्याची नोंद! चौदा म्हणजे माझ्या चौदा चुका!

(त्या वर्षी कोणीच अतिरिक्त झालं नाही. नववीत चार मुलं नवी आली आणि पट वाचला. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक?)

मी शिक्षण खात्याकडे निनावी अर्ज केला. हो, मीच केला. चांगल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघालो आणि वर स्वतःला सांगितलं की नियमाचं काम करतोय. अलिबागला जाऊन एका अनोळखी डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतला, हस्ताक्षर नको म्हणून. मुद्दा एक, खासगी शिकवणी. मुद्दा दोन, वस्तुरूपाने मोबदला. मुद्दा तीन, वह्या अपूर्ण ठेवायला लावून विद्यार्थ्यांचं नुकसान. दोन पानं झाली. शिकवणी शाबीत झाली तर बाई निलंबित होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

सप्टेंबरात चौकशीचे साहेब आले. वयस्कर, सावकाश बोलणारे. हेडसरांनी मलाच सांगितलं, "ठाकूर, तुम्ही ज्येष्ठ आहात, साहेबांबरोबर राहा." मी मनात म्हटलं, देव देतो तेव्हा असा देतो.

साहेबांनी आधी पद्माबाईंना ऑफिसात विचारलं. मी तिथेच उभा. त्यांनी डायरी मागितली, बाईंनी दिली. साहेबांनी पानं उलटली. "हे रा. ठा. चौदा, प. दा. नऊ, हे काय?"

"प. दा. म्हणजे मी," बाई म्हणाल्या. "वर्गात एकतीस मुलं आहेत. आठ दिवसांनी उजवी बाजू झाकून विचारलं की कोणाच्या तासाचं किती मुलांना सांगता येतं, ते लिहिते. वाडीत येतात ती तिथं सांगतात, बाकीच्यांना मी वर्गात विचारते. मागच्या महिन्यात ठाकूर सरांचं चौदा जणांना आलं, माझं नऊ जणांना. म्हणून मी विद्युतधारेचा धडा परत घेतला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाईंचा चेहरा उतरलेला होता, ते मला आत्ता पहिल्यांदा दिसलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीवर कोणीतरी चिखल फेकला होता आणि कोणी ते त्यांना माहीत नव्हतं. मला मात्र तेव्हाही वाटलं की नाटक असेल.

मग साहेब दहावीच्या वर्गावर गेले. बाईंना त्यांनी मागच्या बाकावर बसवलं, मी दाराशी. मुलांना म्हणाले, "माझ्याकडे एक अर्ज आलाय. मी एकेक मुद्दा वाचतो. खरं असेल तर खरं म्हणा, खोटं तर खोटं. घाबरायचं कारण नाही."

शिकवणीचा मुद्दा वाचला. निकेत उठला. "बाई काय शिकवत न्हायत सर तिथं. आम्हीच एकमेकांना विचारतो. बाई सुपारी सोलतात."

मोबदल्याचा वाचला. प्राप्ती उठली. "माझी आजी कांद्याची माळ देते. पन बाईंनी त्याच पिशवीतून सात नारळ पाठवले. रिकामी पिशवी पाठवायची नसते ना सर." साहेब हसले. म्हणाले, "नसतेच."

वह्यांचा मुद्दा वाचला. साहेबांनी एकीची वही घेतली, उजव्या बाजूवर स्वतःचा हात ठेवला आणि डावीकडचे प्रश्न विचारायला लागले. पोरगी धडाधडा सांगत गेली. एका प्रश्नाला अडली. "याला टिंब न्हाय दिलेलं सर," ती म्हणाली. साहेबांनी बघितलं, खरंच नव्हतं. मग कोरी पानं बघून म्हणाले, "ही का?" ती म्हणाली, "मी आले नव्हते. ते मला येत न्हाय, म्हणून कोरं." साहेबांनी ती वही बराच वेळ हातात धरून ठेवली.

आता अर्जाचा शेवट उरला होता. साहेब वाचायला लागले, "वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की..." आणि पान संपलं. ते बोटाला थुंकी लावून पान उलटायला लागले.

आणि वर्गातून आवाज आला, "सदर बाब अत्यंत दूरगामी परिणाम करणारी ठरली!"

आधी एकटीचा आवाज, मग दहा-पंधरा जणांचा, सुरात. बावीस वर्षं मी प्रत्येक मोठ्या उत्तराच्या शेवटी हेच वाक्य सांगत आलोय. कुठलाही लढा असो, कुठलाही करार असो, शेवट हाच. त्याला एक गुण हमखास मिळतो. ज्या पोरांनी माझं बाकी सगळं लिहायचं सोडलं होतं, त्यांच्याही तोंडात हे वाक्य मुरलेलं. पहिला शब्द पडला आणि पुढचं आपोआप बाहेर आलं.

साहेबांनी पान उलटलं. तिथे तेच होतं. ठरलीच्या जागी ठरेल, एवढाच फरक.

वर्ग खदखदून हसला. एक क्षणभरच. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला आणि हसू विझत गेलं. एकतीस तोंडं दाराकडे वळली, माझ्याकडे, आणि लगेच खाली गेली. हस्ताक्षर लपवलं होतं हो मी. बावीस वर्षं चालवलेलं तोंड कुठे लपवणार? माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. मला म्हसळ्याची खोली दिसायला लागली.

"तुम्हाला कसं रे माहीत पुढे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, आवाज जरा चढवून. पहिल्या बाकावरचं एक पोरगं रडवेलं झालं. तेवढ्यात मागून पद्माबाई उठल्या.

"साहेब, हे वाक्य गाईडात असतं. दहावीची सगळीच मुलं पाठ करतात. कुठल्याही शाळेत विचारा."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण त्यांनी अर्जाची घडी घातली, बॅगेत टाकला आणि म्हणाले, "तक्रारीत तथ्य नाही. मी तसं लिहितो." मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. सगळी मान खाली घालून बसून राहिली, बाहेरची घंटा होईपर्यंत.

शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये थांबलो. बाकीचे गेले. पद्माबाई पिशवीत वह्या भरत होत्या. मला माफी मागायची होती, पण माफीच्याही आधी मला शंका विचारायची होती. माझा स्वभावच तसा मेला. ही बाई मला का वाचवते? आता बदल्यात काय मागणार? हे पुढे कधीतरी माझ्यावर काढणार का?

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही मला का वाचवलंत?"

त्यांनी वही खाली ठेवली. त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुम्हाला? तुम्हाला कोण वाचवतंय! मला रात्रभर झोप नव्हती सर. माझी आई विचारत होती, पद्मे, तू काय केलंस गं? तुम्हाला वाचवायचं मला काडीचं कारण नव्हतं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "या पोरांना अजून सहा महिने तुमच्यासमोर बसायचंय. तुमच्याच हातात त्यांचे अंतर्गत गुण आहेत. साहेबांपुढं एकीनं जरी तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही तिला सोडलं असतं का?"

मी तोंड उघडलं. अहो बाई, मी काय राक्षस आहे का, असं म्हणणार होतो. निघालं नाही. कारण ते वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आलं, हे मी दाराशी उभ्या उभ्याच ओळखलं होतं. घाम फुटलेला असताना मी मनात नाव लिहून ठेवलं होतं. प्राप्ती म्हात्रे.

बाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. माझा उजवा हात टेबलावर होता, त्याची मूठ वळलेली होती, त्या मुठीकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.